बार्शी लाईट आणि आपली वारी

आपल्या भागात एखादे म्हातारे माणूस "मी बार्शी लाईटनं पंढरीला गेलो होतो" असे सांगू लागले की आजकालच्या पोरांना वाटते, लाईट म्हणजे वीज. गाडीत दिवे असतील म्हणून नाव पडले असेल. तसे नाही. लाईट म्हणजे हलकी. हलके रूळ, हलके डबे, हलके इंजिन. कंपनीचे नावच बार्शी लाईट रेल्वे कंपनी. आपली आजी-पणजी तिला "बारकी गाडी" म्हणायची, आणि मोठ्या लाईनवरच्या मुंबई-सोलापूर गाडीला "थोरली गाडी". या बारक्या गाडीचे रूळ आता उखडले गेले, पण आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत निम्म्याहून जास्त वर्षे ती गाडी आपल्या सोबत होती. म्हणून स्मरणिकेत तिच्यावर चार पाने असावीत, असे मला वाटले. दुसरेही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आधी थोरली गाडी आली. जी. आय. पी. रेल्वेची लाईन पुण्याकडून सोलापूरकडे सरकत होती. १८५९ साली ती आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आली आणि पुढच्या साली सोलापूरला पोचली. पण स्टेशनचे नाव कुर्डुवाडी नव्हते, बार्शी रोड होते. कुर्डू हे शेजारचे जुने गाव, त्याची ही वाडी. इंग्रजाला वाडीशी काय देणे-घेणे? त्याला बार्शीच्या बाजारातला कापूस दिसत होता, म्हणून बार्शीला जाण्याच्या वाटेवरचे ते बार्शी रोड. बार्शी तिथून पस्तीस किलोमीटर लांब. नाव बार्शीचे आणि गाडी वाडीला, असा तो कारभार.

मग पुढची चाळीस वर्षे बार्शीचा माल बैलगाडीने स्टेशनवर जात राहिला. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात गाडीवाट बरी, पण पाऊस झाला की चाक आरीपर्यंत रुतायचे. कापसाची गाडी चिखलात बसली की बैलही बसायचे. ज्यांनी जुनी गाडीवाट पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पंढरीच्या यात्रेकरूंचीही तीच वाट. मुंबईकडून, खानदेशातून, वऱ्हाडातून थोरल्या गाडीने जे येत ते बार्शी रोडला उतरत आणि तिथून पन्नास-बावन्न किलोमीटर पायी नाहीतर बैलगाडीने पंढरपूर गाठत. म्हणजे पायी न येणाऱ्यालाही दीड-दोन दिवस चालणे चुकत नव्हते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला आला. या माणसाच्या डोक्यात एकच विचार होता. मोठ्या लाईनला जोडणाऱ्या बारक्या लाईनी स्वस्तात टाकायच्या. साडेपाच फुटी रुंद रूळ टाकायला खर्च फार, आणि बार्शीसारख्या गावाच्या मालावर तो खर्च निघत नाही. म्हणून त्याने अडीच फुटी रूळ धरले. त्याची खरी युक्ती रुंदीत नव्हती, वजनात होती. कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की मालाचा डबा. भार सारखा वाटला गेला की रूळ बारीक चालतो, पूल हलका चालतो, भराव कमी लागतो. बैलगाडीत पोती भरताना आपण धुऱ्यावर भार येऊ नये म्हणून पुढे-मागे पोती सरकवतो ना? हिशेब तोच, फक्त लोखंडात मांडलेला.

नोकरी करून हे जमेना, तेव्हा त्याने विलायतेत जाऊन खटपट केली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. डबे लीड्स शहरात घडले, इंजिनेही तिथल्याच किटसन कारखान्याची. लीड्सजवळ रूळ टाकून त्यांची परीक्षाही झाली. आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही लाईन सुरू झाली. ते साल दुष्काळाचे होते हे लक्षात घ्या. सोलापूर जिल्हा तेव्हा होरपळून निघत होता. आणखी दोन-तीन वर्षांत तर त्याहून मोठा दुष्काळ आला.

(या कॅलथ्रॉपसाहेबाची आणखी एक गंमत. रोल्स नावाचा त्याचा एक मित्र १९१० साली विमान कोसळून मेला. त्यानंतर या माणसाने विमानातून उडी टाकणाऱ्यासाठी पॅराशूट बनवायला घेतले आणि ते बनवले. जमिनीवर हलके रूळ आणि आभाळात हलके कापड. एकाच माणसाचे डोके.)

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट १९०६ सालची. त्या साली बारकी लाईन कुर्डुवाडीकडून मोडनिंब, आष्टी करत पंढरपूरकडे आली. दुसऱ्या बाजूला ती बार्शीच्या पुढे पांगरी, येडशीकडे बालाघाटाचा चढ चढून निजामाच्या मुलखात शिरली आणि १९११ साली लातूरला पोचली. शेवटचा तुकडा पंढरपूर ते मिरज. सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळवरून तो १९२७ साली पुरा झाला. त्याच साली कॅलथ्रॉप वारला. लातूर ते मिरज मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर, आणि बरोबर मध्ये पंढरी. कंपनीला हवा होता कापूस, पण लाईनीच्या पोटात विठोबा आला. आषाढी-कार्तिकीला या गाडीची जी कमाई होत असेल ती कापसानेही झाली नसेल, असे आमचे वडीलधारे म्हणत. खरे-खोटे कंपनी जाणे.

मिरजेची बाजू जोडली गेल्यावर बेळगाव-धारवाडकडची कानडी माणसेही गाडीने येऊ लागली. विठ्ठलाला ती आपला मानतात, हे वाळवंटात उभे राहिले की कळते. शेजारच्या फडात कानडी भजन चाललेले असते.

यात्रेच्या दिवसांत डबे पुरत नसत. मग मालाचे डबे जोडायचे. बसायला बाक नाही, खाली पेंढा नाहीतर घोंगडी. टपावर माणसे, दाराच्या दांडीला माणसे, दोन डब्यांच्या मधल्या जागेत माणसे. गाडी एवढी सावकाश की चढावर पोरे उतरायची, बाजूच्या रानातली बोरे तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची, असे सगळेच सांगतात. मोडनिंब गेले की टाळ निघायचे. पंढरपूर जवळ आले, भीमेच्या पुलावर गाडी आली की सगळा डबा एका आवाजात "पुंडलिक वरदा" करायचा आणि खिडकीतून पैसा-सुपारी नदीत पडायची. इंजिनाची शिट्टी आणि तो गजर एकमेकांत मिसळायचा. मी लहानपणी हे ऐकले आहे, अजून कानात आहे.

त्या डब्यात कोण कोणाच्या शेजारी बसले याला धरबंध नव्हता. मालाच्या डब्यात गावकूस कुठे घालणार? तिकीट सगळ्यांचे सारखे. एकाच गाडीने आलेली, एकमेकांच्या घोंगडीवर निजलेली ही माणसे देवळाच्या दारात मात्र वेगळी व्हायची. काही आत जायची, काहींना नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीपाशी थांबावे लागायचे. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले आणि मग ते दार उघडले. म्हणजे गाडी पंढरपूरला आल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी. वारकरी म्हणून आपल्याला हे लिहायला लाज वाटली तरी लिहिले पाहिजे.

गाडीने सगळे भलेच केले असेही नाही. पूर्वी यात्रेत पटकी सुटली की ती पायवाटेने, चालण्याच्या वेगाने गावोगाव जायची. गाडीने ती दुसऱ्या दिवशी शंभर कोसांवर. सरकार मग यात्रेवरच घसरायचे. प्लेग-पटकीच्या सालांत पंढरपूरचे तिकीट देणेच बंद करायचे, यात्रेकरूंची तपासणी करायचे. साथीची भीती खरी होती. पण तिकीट बंद झाल्याने वारकरी घरी बसला असे कधी झाले नाही. तो चालत निघाला.

बार्शीचे भगवंताचे देऊळ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिले आहे. अंबरीष राजाची द्वादशी तिथली. पंढरीची एकादशी करावी आणि बार्शीची द्वादशी, असे जुनी माणसे सांगत. पायी माणसाला एका रात्रीत हे कसे जमणार? बारक्या गाडीने ते काहींना जमू लागले. एकादशीला चंद्रभागेचे स्नान, आणि ज्याला पुढची गाडी धरता आली त्याला भगवंताच्या दारी पारणे. आपल्या दिंडीत मात्र हे फारसे चालले नाही. काल्याशिवाय पंढरी सोडायची नाही, हा आपला नेम. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की मगच परतीचे पाऊल.

परतीचे पाऊल मात्र गाडीत पडायचे. जाताना पायी, येताना गाडी, ही रीत आपल्या दिंडीत फार जुनी आहे. त्याला कारणही होते. आषाढात पेरण्या झालेल्या असतात, कोळपणीला माणूस लागतो. पंधरा दिवस चालत गेलेला शेतकरी आणखी पंधरा दिवस चालत येऊ शकत नाही. बारक्या गाडीने त्याला ते दिवस परत दिले. पंढरपूर ते कुर्डुवाडी, कुर्डुवाडीला गाडी बदलायची, बार्शी, आणि तिथून आपापल्या गावी.

कुर्डुवाडीचे गाडी बदलणे हा एक स्वतंत्र सोहळाच होता. बारकी गाडी आणि थोरली गाडी यांचे रूळ एक नाहीत, त्यामुळे माणूस असो की पोते, सगळ्यांनी इथे उतरायचेच. हमाल एका डब्यातली पोती पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यात टाकायचे, दिवसरात्र. यात्रेकरू फलाटावर भाकरी सोडायचे, भजन करायचे, चुकलेल्या माणसांना हाका मारायचे. ज्या वाडीचे नाव स्टेशनला द्यायलाही इंग्रज तयार नव्हता, तिथे या दोन लाईनींच्या सांध्यावर अख्खे गाव वसले. बारक्या गाडीची इंजिने-डबे दुरुस्त करणारा कारखाना तिथेच होता, आणि तिथला रेल्वेचा कारखाना आजही चालू आहे. त्या कारखान्याच्या भोंग्यावर कुर्डुवाडीची किती घरे उठत-बसत होती, हे तिथल्या माणसाला विचारा. स्टेशनचे नाव पुढे बदलून कुर्डुवाडी झाले, ते बरे झाले.

स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ही लाईन कंपनीचीच राहिली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली. एस.टी. गावोगाव पोचली, सडका सुधारल्या, आणि बारकी गाडी रिकामी पळू लागली. यात्रा सोडली तर तिच्यात शाळेची पोरे, दुधाच्या किटल्या आणि आम्ही. पुढे रूळ रुंद करायचे काम निघाले. पंढरपूर-कुर्डुवाडी झाले, २००८ साली लातूरपर्यंतचे पुरे झाले, आणि नंतर दोन-तीन वर्षांत मिरजेची बाजूही. लातूरची लाईन करताना ती उस्मानाबादवरून वळवली, त्यामुळे जिल्ह्याच्या गावाला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. हे चांगले झाले. आता मुंबईची गाडी सरळ लातूरला जाते, कुर्डुवाडीला पोती पाठीवर घ्यावी लागत नाहीत. ज्यांच्या पाठीवर ती पोती होती त्यांच्या पोराबाळांचे काय झाले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी उरले नव्हते. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या गाडीला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला गेली. म्हणजे मिरज ते लातूर, बार्शी लाईटचीच वाट. दुष्काळात जन्मलेल्या लाईनीवरून दुष्काळातच पाणी आले. आपल्या गावातली काही माणसे ती गाडी बघायला रुळाकडेला जाऊन उभी राहिली होती. एका म्हातारीने टाक्यांना हात जोडले, ते मी पाहिले.

आता ते दुसरे कारण.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर शंभर वर्षांतल्या वारकऱ्यांची यादी छापली आहे. ती दिंडीच्या जुन्या वह्यांवरून केली आहे आणि मोठ्या कष्टाने केली आहे. पण त्या वह्यांत नाव लिहिण्याचा एक नियम होता. जो गावच्या वेशीपासून पताकेमागे चालत निघाला त्याचेच नाव वहीत. जो गाडीने येऊन वाळवंटात दिंडीला मिळाला, त्याचे नाव नाही. नियम कुणी केला माहीत नाही, पण तो पाळला गेला. वारी म्हणजे पायी, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहे आणि ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः चालतो.

माझी आजी तेवीस-चोवीस वर्षे चालत गेली. मग विहिरीच्या पायरीवरून पडून तिचे खुबे मोडले. त्यानंतर ती दर आषाढीला बार्शीपर्यंत बैलगाडीने जाई, तिथून बारक्या गाडीने पंढरपूर, आणि दशमीला काठी टेकत टेकत मठात येऊन बसे. दिंडी पोचायच्या आधी ती पोचलेली असे. पायी आलेल्या बायांसाठी चूल पेटवून पाणी तापत ठेवी. आल्या आल्या पाय शेकायला गरम पाणी मिळे ते तिच्या हातचे. एका वर्षी वही लिहिणाऱ्या बुवांना तिने विचारले, "माझं नाव घातलं का?" ते म्हणाले, "आजी, तुम्ही गाडीनं आलात ना." ती काही बोलली नाही. पण त्या वर्षानंतर तिने पुन्हा कधी विचारले नाही. पाणी मात्र तापवत राहिली.

मी बुवांना दोष देत नाही. ते गेले, फार मोठे माणूस होते, नियमाने वागले. पण यादीत माझ्या आजीचे नाव पहिल्या चोवीस वर्षांपुरतेच दिसते आणि पुढे नाही, म्हणजे जणू तिची वारी तिथे संपली. ती संपली नव्हती. आणि तिच्यासारख्या पुष्कळ आहेत ज्यांचे नाव एकदाही आलेले नाही. बहुतेक बायका आहेत, कारण तान्हे पोर घेऊन कोण चालणार, आणि घरातल्या सगळ्यांनी पायी जायचे म्हटले तर गुरांचे कोण बघणार? त्या शेवटच्या दोन दिवसांसाठी गाडीने यायच्या.

२०२० साली आठवते ना? कोरोनामुळे पायी वारी बंद. माऊलींच्या, तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी कुणी म्हटले का, की ही वारी नव्हे? उलट दूरदर्शनवर ती एस.टी. दिसली तेव्हा घराघरात माणसांनी हात जोडले, डोळे पुसले. पादुकांना चालणारी वाट आजीला का चालू नये, एवढेच माझे विचारणे आहे.

मंडळाच्या बैठकीत मी हे मांडले. चर्चा झाली, थोडी भांडणेही झाली. उद्या कोणीही मोटारीने येईल आणि वारकरी म्हणवेल, असे एक जण म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण मोटार दारात असताना आळसाने गाडीत बसणारा आणि खुबे मोडल्यावरही मालाच्या डब्यात पेंढ्यावर बसून येणारी, यांत फरक करायला वही लागत नाही. शेवटी ठरले ते असे, की छापलेली यादी तशीच ठेवायची, पण एक नवी वही मठात ठेवायची. तिच्यात फक्त गाडीने आलेल्यांची नावे.

मी पहिल्या पानावर आजीचे नाव लिहिले आहे. खाली, मला जेवढ्या आठवल्या तेवढ्या लिहिल्या. पण काहींची नावेच ठाऊक नाहीत. मळ्यातली आत्या, ती आष्टी स्टेशनात डब्यातून पडली आणि पुढच्या वर्षी पुन्हा आली. गिरणीवाल्यांची आंधळी आई, तिला नातू धरून आणायचा. वेशीबाहेरच्या दोघी जावा, त्या १९४७ च्या आधी चोखोबांपाशी थांबायच्या आणि नंतरच्या आषाढीला पहिल्यांदा आत गेल्या, आणि बाहेर येऊन स्टेशनापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, असे आजी सांगायची. यांची नावे तुमच्या घरात कुणाला तरी माहीत असतील. वही देवापुढच्या पेटीत आहे, पेन तिथेच बांधून ठेवला आहे. कार्तिकीच्या आत येऊन लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, मी लिहितो.